विशेषणांच्या सोयरिकी

इंग्रजीतले विशेषण आपल्या मुलांना चटकन पाठ होते. त्याचे स्पेलिंग पाठ होते, अर्थही पाठ होतो. मुले अडखळतात ती त्या विशेषणाच्या पाठोपाठ येणाऱ्या एका इवल्याशा शब्दापाशी. ‘टु’, ‘ऑफ’, ‘ऑन’, ‘इन’, ‘विथ’, ‘फॉर’, ‘फ्रॉम’, ‘ॲट’ अशी ही आठ-दहा पोरे. अंगाने किरकोळ, पण मोठ्या घरच्या विशेषणांना नाचवणारी! इंग्रज वैयाकरणी त्यांना प्रिपोझिशन म्हणतात. आपल्याकडचे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जे काम करतात, तेच काम करणारी ही विलायती भावंडे. फरक एवढाच, की आपली नामानंतर येतात आणि बहुधा त्याला बिलगून बसतात. त्यांची नामाच्या आधी सुटी उभी राहतात.

गंमत अशी, की प्रत्येक विशेषणाची सोयरीक ठरलेली असते. ‘अफ्रेड’ची ‘ऑफ’शी, ‘मॅरिड’ची ‘टु’शी, ‘डिपेंडंट’ची ‘ऑन’शी. या सोयरिकी कोणी, कधी आणि कोणता मुहूर्त पाहून जमवल्या ते विचारण्यात अर्थ नाही. पण जमलेली सोयरीक मोडली, की वाचणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. आणि कधीकधी आठीपेक्षाही मोठे नुकसान होते. त्या नुकसानीबद्दल पुढे सांगणार आहेच.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मी आयुष्याची बरीच वर्षे इंग्रजी शिकवण्यात घालवली. शाळेत मुलांना शिकवायचे, आणि शाळा सुटल्यावर मोठ्यांचे अर्ज, विनंत्या, पत्रे इंग्रजीत लिहून द्यायची, असा माझा दुहेरी संसार होता. १९६४ पर्यंत चंद्रपूरला ‘चांदा’ म्हणत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. नकाशावर रेघ पडली, पण जंगलाने ती कधी मानली नाही. गडचिरोलीचा तर दोन-तृतीयांशाहून अधिक भाग आजही जंगलाखाली आहे.

या जंगलात भाषाही झाडांसारख्या दाटीने उभ्या आहेत. भामरागड-एटापल्लीकडच्या मुलाची घरची बोली माडिया. धानोरा-कोरचीकडे गोंडी आणि छत्तीसगढी कानावर येते. सिरोंच्याला घरोघर तेलुगू, मुलचेऱ्याकडच्या वसाहतींत बंगाली. शाळेत मराठी, आठवडी बाजारात हिंदी. आणि एवढे सारे झाल्यावर मग इंग्रजी! पुण्या-मुंबईच्या मुलाला जी दुसरी किंवा तिसरी भाषा, ती इथल्या मुलाला चौथी. तरीही मी अनुभवाने सांगतो, तीन भाषा बोलणारी ही मुले ‘टु’ आणि ‘ऑन’चे रहस्य शहरी मुलांपेक्षा लवकर ओळखतात. एका भाषेतले वळण दुसरीत चालत नाही, हे त्यांना बाजारात मिरच्या-मीठ घेतानाच कळलेले असते.

कुणी म्हणेल, आता इंग्रजी हवेच कशाला? राज्याचा कारभार मराठीत चालतो, तहसील कचेरीत मराठी अर्ज चालतो. खरे आहे. पण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जायचे तर कागद इंग्रजी. दिल्लीच्या मंत्रालयाला लिहायचे, बाहेरच्या संस्थेकडे शिष्यवृत्ती मागायची, परराज्यातल्या नोकरीसाठी अर्ज करायचा, तर तेथेही इंग्रजीच. म्हणजे रोजच्या व्यवहारात इंग्रजीची गरज थोडी. पण जेव्हा पडते तेव्हा हटकून मोठ्या प्रसंगी पडते.

आपल्या घरीही तोच रिवाज

मुले विचारतात, ‘सर, इंग्रजीतच हे खूळ का?’ मी म्हणतो, आधी आपल्या घरात डोकावून पाहा. आपण ‘कामात हुशार’ म्हणतो. ‘कामावर हुशार’ म्हणत नाही. ‘दिसायला देखणा’, ‘मनाने मोठा’, ‘पैशाचा लोभी’, ‘मुलावर नाराज’, ‘शेतीवर अवलंबून’, ‘जंगलाशी परिचित’. एकेका विशेषणाने आपापला प्रत्यय निवडून ठेवलेला आहे. उद्या स्थळ सांगायला आलेल्या पाहुण्याने ‘आमची मुलगी मनावर मोठी आहे’ असे म्हटले, तर आपण पोह्यांची बशी हातातच धरून त्याच्याकडे पाहत राहू! हे आपल्याला कोणी शिकवले नाही. कानावर पडत गेले आणि अंगवळणी पडले.

गोंडीतही असेच आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाची घोषणा पुष्कळांनी ऐकली असेल : ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे ‘आमच्या गावात आमचे राज’. मराठीत ‘गावात’मधला ‘त’ जे काम करतो, ते गोंडीत ‘नाटे’ या शब्दाचा शेवट करतो. इंग्रजीत त्यासाठी वेगळा ‘इन’ आणावा लागतो. तिन्ही भाषांची गरज एक, रीत मात्र ज्याची त्याची.

आणि घोटाळा होतो तो येथेच. आपण आपला प्रत्यय उचलतो, त्याचे सरळ भाषांतर करतो आणि इंग्रजी विशेषणाच्या गळ्यात बांधतो.

‘तिचे डॉक्टरशी लग्न झाले’ यातला ‘शी’ म्हणजे ‘विथ’, म्हणून आपण लिहितो ‘मॅरिड विथ अ डॉक्टर’. इंग्रजी वधू मात्र ‘मॅरिड टु’ असते. ‘ते माझ्यावर रागावले’ यातला ‘वर’ म्हणजे ‘ऑन’, म्हणून ‘अँग्री ऑन मी’. इंग्रज माणूस माणसावर रागावतो तेव्हा ‘अँग्री विथ’ होतो, आणि एखाद्या गोष्टीबद्दल रागावतो तेव्हा ‘अँग्री अबाउट’. ‘माझ्यापेक्षा वरिष्ठ’ म्हणून आपण ‘सीनिअर दॅन मी’ लिहितो. ‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपीरिअर’, ‘इन्फीरिअर’ ही लॅटिन घराण्यातली मंडळी. त्यांना ‘दॅन’ चालत नाही, ‘टु’ लागतो. ‘पाण्याने भरलेला’ म्हणून ‘फुल विथ वॉटर’ लिहिले जाते. ‘फुल’ला ‘ऑफ’ हवा. ‘विथ’ हवा तो ‘फिल्ड’ला. एकाच घरातले हे दोन भाऊ, पण सासुरवाडी वेगवेगळी!

आमच्या विदर्भात आणखी एक पाहुणी येते, ती म्हणजे हिंदी. ‘शेर से डरता है’ हे कानात इतके बसलेले असते, की मुलगा बेधडक ‘अफ्रेड फ्रॉम द टायगर’ लिहितो. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोब्याच्या आसपासच्या गावांत वाघ हा निबंधाचा नव्हे, रोजचा विषय आहे. तेव्हा ‘अफ्रेड ऑफ’ तेथे तरी पक्के हवे!

आता यात दिलासा असा, की पुष्कळ ठिकाणी मराठी आणि इंग्रजी एकमेकींना टाळी देतात. ‘च्यावर अवलंबून’ म्हणजे ‘डिपेंडंट ऑन’, ‘च्यापासून वेगळा’ म्हणजे ‘डिफरंट फ्रॉम’, ‘च्याशी परिचित’ म्हणजे ‘फमिलिअर विथ’. पण या टाळीने फार हुरळू नये. ‘डिपेंडंट ऑन’ म्हणणारी इंग्रजी ‘इंडिपेंडंट’पाशी आली, की लगेच ‘ऑफ’ म्हणते. परावलंबी माणसाचा सोयरा एक, स्वावलंबी झाल्यावर दुसरा! जगाची रीतच आहे.

हट्ट किती करावा?

या सोयरिकींमागे दर वेळी तर्क सापडतोच असे नाही. ‘ॲव्हर्स’ या विशेषणाचा लॅटिन अर्थ ‘तोंड फिरवलेला’. तर्काने पाहिले तर त्यापुढे ‘फ्रॉम’ यायला हवा. पण इंग्रज ‘ॲव्हर्स टु’ म्हणतो. रूढी ही तर्काहून बलवान असते, हे आपल्याकडच्या शास्त्रकारांनाही ठाऊक होते.

आणि रूढीतही मतभेद असतात. ‘डिफरंट फ्रॉम’ सर्वमान्य आहे. पण इंग्लंडात ‘डिफरंट टु’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, अमेरिकेत ‘डिफरंट दॅन’. फाउलर या इंग्रज कोशकाराचा इंग्रजी लेखनव्यवहारावरचा प्रसिद्ध कोश १९२६ साली निघाला. ‘डिफरंट’पुढे फक्त ‘फ्रॉम’च चालतो या समजुतीला त्याने चक्क अंधश्रद्धा ठरवले. म्हणून मी मुलांना ‘फ्रॉम’ शिकवतो, पण ‘टु’ लिहिणाऱ्याचे गुण कापत नाही. जेथे जाणकारांत दोन मते आहेत तेथे मास्तराने छडी उगारू नये.

पण जेथे जोडीदार बदलला की अर्थच बदलतो, तेथे ढिलाई चालत नाही. ‘टायर्ड फ्रॉम वॉकिंग’ म्हणजे चालून थकलेला. ‘टायर्ड ऑफ वॉकिंग’ म्हणजे चालण्याला कंटाळलेला. दहा मैल पायी जाऊन लसी टोचून आलेल्या एखाद्या परिचारिकेने वरिष्ठांना ‘टायर्ड ऑफ माय वर्क’ असे कळवले, तर वरिष्ठ तिला विश्रांती देतील की नोटीस? ‘रिस्पॉन्सिबल टु’ म्हणजे कोणाला जबाबदार. ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ म्हणजे कशाबद्दल जबाबदार. ‘अँक्शस अबाउट’ म्हणजे काळजीत असलेला. ‘अँक्शस फॉर’चा अर्थ मात्र एखाद्या गोष्टीसाठी उतावीळ, असाही होतो. मुलाच्या निकालाच्या काळजीत असलेला बाप आणि निकालासाठी उतावीळ झालेला बाप यांत फरक आहे. हे दोघे एकाच घरात राहत असले तरी!

न्यायालयाच्या कागदांत तर डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. आरोप असलेला तो ‘ॲक्यूज्ड ऑफ’, पण दोषारोप ठेवलेला तो ‘चार्ज्ड विथ’. दोषी असो वा निर्दोष, ‘गिल्टी’ आणि ‘इनोसंट’ दोघांनाही ‘ऑफ’च लागतो. निदान येथे तरी इंग्रजीने भेदभाव केलेला नाही.

दोन विशेषणे, एक नाम

सर्वांत फसवी जागा आता येते. चांगली शिकलेली माणसेही येथे घसरतात.

समजा, आपल्याला लिहायचे आहे : ‘हे गाव जंगलाला सरावलेले आहे आणि जंगलावर अवलंबून आहे.’ इंग्रजीत ‘सरावलेला’ म्हणजे ‘ॲकस्टम्ड टु’, आणि ‘अवलंबून’ म्हणजे ‘डिपेंडंट ऑन’. घाईत माणूस लिहून जातो, ‘ॲकस्टम्ड अँड डिपेंडंट ऑन द फॉरेस्ट’. वाचताना ठीक वाटते. पण मग ‘ॲकस्टम्ड’चा जोडीदार कोठे गेला? त्याला मांडवाबाहेर ठेवून दुसऱ्याच्याच जोडीदारावर दोघांचा संसार रेटलेला आहे!

याला मी मुलांना एक साधा उपाय सांगतो. अंगठ्याने एक विशेषण झाका आणि उरलेले वाचा. ‘डिपेंडंट ऑन द फॉरेस्ट’ बरोबर. आता दुसरे झाका. ‘ॲकस्टम्ड ऑन द फॉरेस्ट’ कानाला खटकले ना? म्हणजे ‘टु’ राहिला. बरोबर वाक्य ‘ॲकस्टम्ड टु अँड डिपेंडंट ऑन द फॉरेस्ट’. दोघांचा जोडीदार एकच असेल, तर मात्र एकदा लिहिला तरी पुरतो. ‘अवेअर’ आणि ‘प्राउड’ दोघांनाही ‘ऑफ’ लागतो, म्हणून ‘अवेअर अँड प्राउड ऑफ’ निर्दोष आहे.

पहिली रचना जड वाटत असेल, तर आपल्या मराठीचीच वाट धरावी. ‘ॲकस्टम्ड टु द फॉरेस्ट अँड डिपेंडंट ऑन इट’. जंगलाला सरावलेले आणि त्यावर अवलंबून. मराठीला ‘जंगल’ नंतर सर्वनामाने पुन्हा बोलवावे लागते, कारण आपला प्रत्यय नामाशिवाय उभाच राहू शकत नाही. आपल्या भाषेचा हा स्वभाव येथे आपल्या कामी येतो.

अशीच एक जागा ‘ज्या जंगलावर ते अवलंबून आहेत’ या धाटणीच्या वाक्यांत आहे. ‘द फॉरेस्ट ऑन विच दे आर डिपेंडंट’ म्हणावे, किंवा ‘द फॉरेस्ट दे आर डिपेंडंट ऑन’ म्हणावे, दोन्ही बरोबर. मुले एक तर ‘ऑन’ गाळतात, नाही तर सुरुवातीला आणि शेवटी असा दोनदा लावतात. एका घरात एकच जावई पुरे!

एका ‘इन’ची गोष्ट

हे सारे शाळेच्या फळ्यापुरते आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आता जरा लक्षपूर्वक वाचावे.

२००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या जंगलाच्या आधाराने राहणाऱ्या आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना हक्क देणारा हा कायदा. हक्क कोणाला, हे ठरवणाऱ्या व्याख्येत इंग्रजी शब्द आहेत : ‘प्रायमरिली रिझाइड इन अँड हू डिपेंड ऑन द फॉरेस्ट्स ऑर फॉरेस्ट लँड्स’. मुख्यत्वे वनांत राहणारे आणि वनांवर अवलंबून असणारे. येथे विशेषणे नाहीत, क्रियापदे आहेत. पण नियम तोच. ‘रिझाइड’ला त्याचा ‘इन’, ‘डिपेंड’ला त्याचा ‘ऑन’. कायद्याचा मसुदा करणाऱ्याने दोघांचाही मान राखला आहे.

व्याकरण निर्दोष, पण प्रश्न उभा राहिला तो त्या ‘इन’पाशीच. आमच्याकडची पुष्कळ गावे अशी आहेत, की घरे महसुली गावठाणात आणि पोट जंगलात. मोहफूल, तेंदूपान, बांबू, मध, सरपण, गुरांची चराई सारे जंगलात. पण चूल मात्र जंगलाच्या हद्दीबाहेर. मग हा माणूस वना‘त’ राहतो की नाही? दोन अक्षरांच्या शब्दाचा अर्थ आखडता घेतला, तर गावेच्या गावे हक्काबाहेर पडतील.

अखेर जून २००८ मध्ये केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने खुलासा केला. प्रत्यक्ष जंगलाच्या आत घर नसले, तरी उपजीविकेसाठी खरोखर जंगलावर अवलंबून असणारे लोकही या व्याख्येत येतात, असा त्याचा आशय होता. ‘ऑन’ने ‘इन’ला हात दिला म्हणायचे!

पुढे २००९ साली मेंढा गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्याला आले, आणि बांबूच्या वाहतुकीचे परवाने गावाच्या हाती आले. देवाजी तोफा यांचे नाव त्यानंतर देशभर गाजले. तो बांबू बाहेर नेण्यामागे ग्रामसभेची कैक वर्षांची चिकाटी होती. रात्ररात्र बसून तिथल्या लोकांनी कायद्याचा अभ्यास केला होता. शब्दांचा अर्थ आपला आपण समजून घेण्याचा तो अभ्यास मला कोणत्याही व्याकरणवर्गापेक्षा थोर वाटतो.

मी स्वतः पाहिलेली गोष्ट याहून लहान आहे. एका गावची मंडळी उन्हाळ्यात वणवा लागू नये म्हणून आळीपाळीने पहारा करीत. या कामासाठी बाहेरच्या एका संस्थेकडे थोडी मदत मागायची होती. गावातल्या बारावीच्या मुलाने पत्राचा मसुदा केला आणि चार वडीलधाऱ्यांसह तो तो माझ्याकडे घेऊन आला. अक्षर मोत्यासारखे. तिसऱ्याच ओळीत वाक्य होते : ‘वी आर रिस्पॉन्सिबल फॉर द फायर इन अवर फॉरेस्ट.’

मी त्याला विचारले, ‘बाबू, याचा अर्थ काय?’

‘आगीची जबाबदारी आमच्यावर आहे, सर.’

‘वाचणारा काय समजेल? आग तुम्ही लावली!’

मुलगा गोंधळला. ‘पण सर, रिस्पॉन्सिबलला फॉरच लागतो ना?’

‘लागतो. सोयरीक बरोबर आहे, पण पुढे नाम कोणते आणलेस ते पाहा.’

बरोबर आलेले म्हातारे गृहस्थ इतका वेळ शांत बसले होते. ते म्हणाले, ‘म्हनजे गुरुजी, इझवनारेच लावनारे झाले म्हना ना!’

सारे हसले, पण मुलगा हसला नाही. त्याने कागद पुढे ओढला आणि स्वतःच लिहिले, ‘रिस्पॉन्सिबल फॉर प्रोटेक्टिंग अवर फॉरेस्ट फ्रॉम फायर.’ मला एक अक्षरही बदलावे लागले नाही. जबाबदारी आगीची नव्हे, आगीपासून जंगल राखण्याची. ‘फॉर’ होताच, फक्त त्याच्यापुढे योग्य गोष्ट आली, आणि गाव आरोपीच्या पिंजऱ्यातून उठून राखणदाराच्या जागी बसले.

घरच्या घरी

वाचकहो, तुमच्या घरातली मुले इंग्रजी शाळेत जात असोत वा मराठी, त्यांना नुसती विशेषणे पाठ करायला लावू नका. जोडी पाठ करायला लावा, आणि जोडीबरोबर एखादे नामही. नुसते ‘अफ्रेड’ नको, नुसते ‘अफ्रेड ऑफ’ही नको, ‘अफ्रेड ऑफ डॉग्ज’ अशी तिन्ही माणसे एका ओळीत बसवा. रेन आणि मार्टिन यांच्या जुन्या व्याकरणात अशा जोड्यांची लांबलचक यादी आहे, ती घरात असेल तर उत्तम. पण यादी घोकण्यापेक्षा स्वतःची वही केलेली बरी. वाचताना जोडी भेटली, की वहीत घालावी.

दुसरे, जोडीदारापुढे क्रिया आली, तर ती ‘इंग’चा शेला पांघरून येते. ‘कॅपेबल ऑफ डूइंग’, ‘फाँड ऑफ रीडिंग’, ‘ॲकस्टम्ड टु वॉकिंग’. शेवटच्या उदाहरणात ‘टु’ पाहून मुले ‘वॉक’ लिहितात. तेथे ‘टु’पुढे एखादे नाम ठेवून पाहावे. ‘ॲकस्टम्ड टु हीट’ चालते, म्हणजे हा ‘टु’ जोडीदाराचा आहे. त्याच्यापुढे ‘वॉकिंग’च हवे.

तिसरे, लिहून झाल्यावर मोठ्याने वाचावे, आणि दोन विशेषणे जोडलेली दिसली की अंगठा पुढे करावा.

आणि चौथे, मूल चुकले तर हसू नये. जोडीदार चुकलेला मुलगा मूर्ख नसतो. तो आपल्या आईच्या भाषेशी प्रामाणिक राहिलेला असतो. त्याला एवढेच सांगावे, की आपल्याकडे ‘शी’ चालतो, त्यांच्याकडे ‘टु’. शहरातल्या घरी या शब्दाने फार तर दोन गुण जातील. पण एटापल्लीच्या पलीकडे कोणी एक मुलगी आपल्या गावाचे पहिले इंग्रजी पत्र लिहायला बसली असेल, तर तिच्या हातून ‘इन’, ‘ऑन’ आणि ‘फॉर’ नेमके जागेवर पडले पाहिजेत. कारण त्या पत्राखाली साऱ्या गावाच्या सह्या आणि अंगठे असतील.